थंड पॅड

दस्तगीर मिस्त्रीनं काचेच्या काउंटरवर
तीन डबे मांडले आणि चहा सांगितला.
उद्यमनगरात दुपारी तीनला
लेथचा आवाज इतका सवयीचा असतो
की तो थांबला तरच मान वर होते.

पहिला डबा उघडला. "ह्यो रस्त्याचा. गरीब हाय.
बोलत न्हाई, धूळ करत न्हाई,
गारठ्यात पाय ठेवला तरी थांबतो.
पण तुमच्या त्या ट्रॅकवर
तिसऱ्या फेरीलाच ह्याचा जीव जातोय बघा."

ते मला कळलेलं होतं, डिसेंबरात.
माळावरच्या ट्रॅकवर शेवटच्या डाव्या वळणाआधी
पेडल कडकच होतं पायाखाली
आणि गाडी जात होती पुढं,
होय होय म्हणत स्वतःचंच करणाऱ्या माणसासारखी.
खडीत जाऊन थांबलो. वास आला,
तापला नाल ठोकताना घोड्याच्या खुराचा येतो तसा.

वीस वर्षं मी शिरोलीच्या फौंड्रीत आहे.
वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून आकडा सांगतो.
ब्रेकच्या डिस्का आम्हीच ओततो, शेकड्यानं.
त्या डिस्कांवर पुढं काय घासतं
ह्याची चौकशी मात्र कधी केली नव्हती.

दुसरा डबा त्यानं उघडलाच नाही.
"ह्यो तुम्हाला ठावा हाय."
ठावा आहे. पुण्याहून मागवून घातला होता
जानेवारीत. भट्टीसारखाच स्वभाव:
आधी जाळ द्या, मग कामाचं बोला.

आणि सकाळी साडेपाचला गंगावेशीत
कुठला आलाय जाळ?
म्हशी रस्त्यातच उभ्या, कासेखाली पेले,
पेल्यांवर फेस, माणसं मफलरीत.
मी पाय दाबला. लाकूड.
पुन्हा दाबला.
म्हैस हलली नाही. तिनं का हलावं?
बंपर तिच्या पोटाला टेकला, इतका हळू
की तिनं शेपटीनं बॉनेट झाडलं.
सांडलं ते फक्त भैरू गवळ्याचं दूध.
शिव्या देऊन झाल्यावर तो वाकून चाकाकडं बघत म्हणाला,
"एवढी गाडी, आणि ब्रेक न्हाई व्हय हिला?"
ब्रेक होता.
उठायचा होता अजून.

तिसरा डबा मधला.
"रस्त्यावर जरा कुरकुरतो, ट्रॅकवर जरा दमतो.
निम्मं गिऱ्हाईक हाच नेतंय."
"आणि उरलेलं?"
"तेबी हाच नेतंय. मग भांडाय येतंय."

मी मधला ठेवला, पहिला घेतला.
"दुसरा घरात आहे," म्हटलं, "बदलत जाईन."
दस्तगीर बशीत चहा ओतत हसला.
"बदला की. गुडघं तुमचं."

शनिवारी रात्री दारात जॅक लावला.
स्वरूपानं बॅटरी धरली.
कॅलिपर नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो,
तारेनं स्प्रिंगला बांधायचा, हे तिला सांगितलं;
गाठ तिनंच मारली, माझ्यापेक्षा बरी.
उतरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून
तिनं स्केचपेननं लिहिलं: डावा, उजवा,
आणि कुणी विचारलं नसताना, "गरीब".

शेवटचा नट आवळला तेव्हा साडेअकरा झाले होते.
हात काळे, समोरच्या घरातला टीव्ही बंद.
ती पायरीवर बसली, बॅटरी चालू-बंद करत.
"बाबा, उद्या ट्रॅकला जाताना
गंगावेशीतनंच जायचं ना?"

मी पान्याकडं बघितलं.
पान्यानं काही मदत केली नाही.

मग पुन्हा जॅक, पुन्हा तार, पुन्हा तीच गाठ.
गरीब जागेवर गेले.
दुसरे डिक्कीत ठेवले, जॅकशेजारी,
भाकरीच्या डब्याला काळं लागू नये
म्हणून मध्ये एक पोतं घालून.