पागच्या बेटावर, कोरड्या हातांसाठी

सातव्या वर्षी पेरिना मावशीनं मांडीवर उशी दिली,
सुई दिली, आणि दुपारपर्यंत
पांढरा दोरा मळकट होऊन बसला.
ती रागावली नाही. सुई तेवढी उजेडात धरून पाहिली,
दुधात माशी पडलीय का पाहावं तशी.

आमच्या लेसची नक्षी कागदावर कुणी काढत नाही.
मधल्या एका वर्तुळापासून निघते,
आईच्या बोटांतून लेकीच्या बोटांत येते.
माझ्या बोटांत आली
आणि गंजली.

तेव्हापासून उपाय.
सेजच्या पानांचा काढा, गार करून, दिवसाला तीन पेले.
इथल्या मेंढ्या तोच पाला खातात,
त्यांच्या चीजला त्याचा वास असतो.
दोन महिन्यांत मलाही यायला लागला.
घाम आपला येतच राहिला, आता सुगंधी.

ओकच्या सालीच्या पाण्यानं तळवे तपकिरी झाले,
जोड्याच्या आतल्या बाजूसारखे.
व्हिनेगरनं मांजर दुरावलं.
कुणी सांगितलं, पौर्णिमेला मिठागराच्या चिखलात
मनगटापर्यंत हात खुपसून बस.
बसले.
गुण आला नाही, पण ते मला आवडलं,
म्हणून आणखी दोन पौर्णिमा बसले.

झादरला लोव्रे म्हणून एक जुना खलाशी,
शांघायच्या बंदरात सुया टोचायला शिकलेला.
‘सुईनं मोडलेलं सुईच सांधते,’ म्हणाला.
कोपरात, कानात, घोट्यांत मिळून तेवीस.
मी मोजल्या. सुया मोजायची मला सवयच आहे.
एकही गंजली नाही.
त्यांचा हेवा करत मी तासभर पडून राहिले.

मग डोळे मिटायला लावणारी बाई.
‘तुम्ही वाळवंटातून चालला आहात,’ ती हळू आवाजात म्हणाली.
मी विचारलं, तिथं माणसाला घाम येत नाही का?
पैसे तिनं पूर्ण घेतले.

दवाखान्यात पाण्याची दोन ताटं होती, पाण्यात बारीक वीज.
मुंग्या, मुंग्या, आणि मग खरंच
तीन आठवडे कागदासारखे हात!
दाराच्या मुठी उगीच धरून पाहिल्या,
पोस्टातल्या मुलीकडून पाकिटं मोजून घेतली.
चौथ्या आठवड्यात यंत्र बिघडलं.
सुटा भाग इटलीहून यायचा होता.
अजून येतोय.

रविवारी मिस्सात शांती द्यायची वेळ आली
की मी रुमालाआडून हात पुढे करायची.
त्या दिवशी रुमाल घरी राहिला होता.
शेजारी फाब्यान, मिठागरातला, तळहाताला भेगाच भेगा.
माझा घाम त्याच्या भेगांत शिरला, तो कळवळला,
आणि हात न सोडता म्हणाला,
‘खारट आहे. म्हणजे इथलीच तू.’
त्याच्याशी लग्नबिग्न काही केलं नाही मी.
पण त्यानंतर रुमालांना इस्त्री करणं सोडलं.

राहता राहिला वारा.
वेलेबितच्या कड्यावरून खाली कोसळतो,
समुद्राचं मीठ उचलून दगडांवर, झुडपांवर, खिडक्यांवर फेकतो,
त्याचं नावच बुरा.
बुरा सुटला की मी बरी.
शेजारणी झडपा लावून घेतात, मी खिडकी सताड उघडते,
उशी मांडीवर घेते,
कुडकुडत, नाक पुसत, सुई चालवत राहते.
बोटं बधिर होतात, पण ओली होत नाहीत.

अशा वाऱ्यावर अकरा लेस झाल्या या जन्मी.
मावशीच्या चारशे.
माझ्या सातवीत मधोमध गंजाचा डाग आहे, मसुराएवढा.
तो धुऊन काढायचा उपायही मला ठाऊक आहे.
लिंबू आणि मीठ.
नाही काढला.

आज हवा पडलीय. सवयीनं काढा उकळत ठेवलाय.
सुई डब्यात, हात मांडीवर,
आणि हातांखाली, स्कर्टवर, दोन ओले तळवे उमटलेत.
मी डोंगराकडे बघतेय,
माथ्यावर ढगाची टोपी चढते का.