रकाना

बडोदा महापालिकेचा जन्मदाखला, गुजरातीत.
माझ्या नावावर रेघच नाही,
पत्रे टाकायच्या आधीची शेड जशी.

रावपुऱ्यातला भाषांतरवाला विचारतो,
घोरपडे की घोरापडे?
पासपोर्टात एक ए जास्त आहे.

मकरपुऱ्याचा कारखाना केव्हाच बंद.
किरीटभाईंनी माळ्यावरून जुनं लेटरहेड काढलं,
वाळवीने एक कोपरा खाल्लेलं,
आणि लिहून दिलं: नऊ वर्षं वेल्डिंग. हात स्थिर.
शेवटचं काढा, एजंट म्हणाला,
त्याला रकाना नाही.

व्हिसाच्या कागदावर सही केली:
मोठ्या शहरात राहणार नाही.
बाबांनी त्या गावाचं नाव दोनदा म्हणून पाहिलं,
मग विचारलं, पाणी रोज येतं का?

किरीटभाईंनी दुसरं पत्र दिलं, कोपऱ्यासकट.
पहिलं मी फाइलीत लावलं नाही.
शर्टाच्या खिशात आहे. घडी पडलीये.