मात्रा

दुपारी एक वाजला की अख्खं जिबूती आभाळाकडे कान लावतं.
दिरे दावाहून विमान उतरतं, मग ट्रक,
मग ओल्या गोणपाटातल्या कादच्या जुड्या,
मग भोंगे, भोंगे,
आणि माझ्या फळीभोवती नुसते हात.

मी फिल्सन. बावीस वर्षं हा पाला विकते.
चेहरे विसरते.
कोणाला किती लागते, ते विसरत नाही.

रोबलेह बंदरात क्रेन चालवतो.
पहिल्यांदा अर्धी जुडी नेली, तीही मित्राबरोबर वाटून.
दुसऱ्या दिवशी सांगत आला :
काल गालात पानं धरून
बुडालेल्या भावाबद्दल दोन तास बोललो मी,
आणि रडलो नाही.
हसत होता. कोवळा होता. मीही हसले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक पूर्ण.
खमसीनचे वारे सुटले तोवर दोन.
मुलगी झाली त्या महिन्यात तीन,
आणि चौथीसाठी उधारी.
मी विचारलं, आता काय मिळतं रे तीन जुड्यांत?
म्हणाला, काही नाही.
नाही घेतली तर मात्र पाय उचलत नाहीत.

दार तेच होतं.
उंबरा रोज बोटभर वर सरकत होता,
आणि तो म्हणत होता, पानंच हल्ली पूर्वीसारखी येत नाहीत.

माझा बाप उंटांमागे चालत कवनं रचायचा.
ओळीत एक मात्रा जास्त झाली
की जागीच थांबायचा; उंट पुढे निघून जायचे.
मी म्हणायची, बाबा, पुढच्या ओळीतही एक घाल,
म्हणजे फिटंफाट.
तो थुंकायचा. म्हणायचा,
लंगड्याला दुसरा लंगडा जोडून चाल सुधारते का?
काढ. मागे जा आणि काढ.

मग कंपनीनं रोबलेहला असालच्या मिठावर पाठवलं, सहा आठवडे.
तिथे पोहोचेपर्यंत पानाचं गवत होतं.
पहिला आठवडा झोपला, आचाऱ्याशी भांडला.
दुसऱ्यात स्वप्नं पडली, घामेजलेली.
नंतर, म्हणे, मिठाचा पांढरा रंग
सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा,
हे त्याला दिसायला लागलं.

परत आला तो थेट माझ्या फळीशी.
तीन दे.
मी अर्धी ठेवली.
तीन, म्हणाला, पैसे रोख आहेत.
अरे, तीन घेणारा तो माणूस मिठात राहिला.
तू त्याचा आकडा घेऊन आलायस, त्याचं अंग नाही.
त्यानं माझ्या आईवरून काहीतरी म्हटलं
आणि शेजारच्या कादराकडून तीन नेल्या.
कादराला चार पोरं आहेत. मी तिला काय सांगणार?

रात्री दोनला त्याचा मेव्हणा दार ठोठावत आला.
छातीत क्रेन सुरू झालीय म्हणतो, थांबत नाही,
जबडा आवळलाय, भिंतीकडे बघून भावाशी बोलतोय.
दवाखान्यात नेलं.
पहाटेपर्यंत त्याची बायको इबादो आणि मी बाकावर,
एकमेकींशी एक शब्द नाही.
ती माझ्या हातांकडे बघत होती.
नखांत अजून हिरवं होतं.

तो वाचला. चार दिवसांनी आला, खाली बघत.
अर्धी, म्हणाला. फक्त गुरुवारी. बाकीचे दिवस नाही.
मी वहीत लिहिलं. बावीस वर्षांत
पहिल्यांदाच कोणाचा आकडा खाली गेला होता.

तीन गुरुवार आला.
आज चौथा. दिवस मावळला,
अर्धी जुडी ओल्या फडक्याखाली तशीच.
सोडली असेल.
कादराकडे गेला असेल.
मी मान वळवून बघितलं नाही.

घरी जाऊन चहा केला.
मला साखर लागते : लग्नात दोन चमचे होती,
नवरा गेला तेव्हा पाच.
आज चार घातली.
चहा पाणचट लागला. प्यायले.
उद्याही चारच घालीन,
जिभेला कधी आठवतंय बघू.