स्थिरता : चौसष्ट

दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
सकाळी साडेसहाला मी टॅबलेट पुसतो
जुन्या बनियनच्या तुकड्यानं.
काल शेजारची कृपल येऊन गेली,
तिची बोटं अजून आहेत काचेवर,
थेपल्याच्या तेलाची.

आज मगर.
तिसरीच्या पोरांचं पुस्तक, पान अकरा :
विश्वामित्रीच्या काठावर मगर आ करून पडलीय
आणि बगळा तिचे दात मोजतोय.

आधी नुसतं निळं.
पेन्सिलीचा ब्रश, खालचा थर,
रेघांचा गुंता, आणि त्यात कुठेतरी शेपूट आहे
हे फक्त मला ठाऊक.
मग तो थर पातळ करतो, वीस टक्क्यांवर आणतो,
मगर धुक्यात जाते.
वर एक कोरा थर.
काचेवर काच ठेवावी तसा.

हसितभाईंचा फोन :
"भाऊ, मगर हसतो राखजो ने, छोकरां बी जशे."
त्यांच्या भाषेत मगर पुरुष,
माझ्या भाषेत बाई.
या गावात पाच पिढ्या काढून
मी दोघांचाही जबडा एकच काढतो.
पण हसू कुणाचं काढू?

कोपऱ्यात एक सरकपट्टी आहे. स्थिरता.
ती वर नेली की
हात कापला तरी रेघ कापत नाही.
यंत्र क्षणभर मागे राहतं,
अंदाज घेतं, हा माणूस कुठे जाऊ पाहत होता,
आणि तिथे नेऊन सोडतं.
दोन वर्षांपूर्वी पट्टी दहावर होती.
दिवाळी अंकांच्या वेळी तीस.
आता चौसष्ट.

हे आकडे वैजयंतीला सांगितलेले नाहीत.
ती मात्र हल्ली कप अर्धाच भरते
आणि पुन्हा विचारायला येते, अजून घेणार का.

रविवारी काळ्या घोड्याच्या पुलावर उभा होतो,
कठड्याला टेकून, शेंगा खाणाऱ्या लोकांत.
खाली गाळावर ती होती.
तासभर हलली नाही.
पाठीवरची रेघ बघत राहिलो :
उठते, बसते, अडते,
मध्येच एक खवला जास्तच वर,
जसं लिहिताना कुणी धक्का दिलाय.
कुणी इस्त्री केली नव्हती तिला.

चित्र उलटं करून पाहतो, आरशात पाहावं तसं.
सगळं डावीकडे कललेलं.
किती वर्षं असाच कलतोय कोण जाणे.
दोन बोटं टेकवतो, मागचं पुसतं.
पुन्हा टेकवतो.
कृपलला हीच जागा सगळ्यात आवडते.
काल तिनं टेकवत टेकवत
माझी सगळी दुपार परत घेतली
आणि टाळ्या पिटल्या :
"घोरपडेकाका, तुमची मगर अंड्यात गेली!"

पट्टी शून्यावर आणली.
उगाच. बघू म्हणून.
नाकापासून शेपटीपर्यंत, श्वास न सोडता,
एकच रेघ ओढली.
हात जिथे जिथे कापला
तिथे तिथे खवला उभा राहिला.
मोजले. एकोणतीस.
रंग भरायच्या आधी जरा वेळ
खिडकी उघडून उभा राहिलो.
खाली दूधवाल्याची फटफटी, लिंबाच्या गाडीवरची भांडणं.

दुपारी हसितभाई :
"वाह! पीठ तो जुओ! कयो ब्रश छे, भाऊ?"
बघून सांगतो, म्हणालो.
"पण हसतो नथी."

म्हणजे फाइल नववी.
ओठांचा कोपरा दोन मिलिमीटर वर
आणि बगळा अजून बाकीच.
बगळ्याचे पाय म्हणजे दोन सरळ काड्या,
तिथे कापून चालत नाही.
पट्टी पुन्हा वर नेतो.
चौसष्ट.
सासष्ट करून बघतो.
वैजयंती दारात, अर्धा कप घेऊन.