उरलेली रेघ

कार्यशाळेचा तिसरा दिवस. बांबोळीचं पठार, एप्रिल.
खिडकीबाहेर बोंडं कुजल्याचा गोड-आंबूस वास,
आत सोळा लॅपटॉप, चौदा चार्जर.
सॉफ्टवेअर फुकट, पण वायफाय गेलेलं,
म्हणून एकच पेनड्राइव्ह हातोहात फिरतोय
तीर्थाच्या पळीसारखा.

पुण्याहून आलेले वर्तक सर सांगतात,
हा आलेख उजवीकडून डावीकडे वाचायचा.
मी वहीत लिहून घेते.
एकोणीस वर्षं मी चित्रंच काढली,
मणके, गुडघे, डोकी.
चित्रच नसलेला एमआरआय मला नवा:
नुसती एक रेघ, तिला टेकड्या,
आणि टेकडीगणिक खाली राहणारा एकेक रेणू.

पण आधी पाणी दाबायचं.
पाणी दहा हजार पट मोठ्यानं बोलतं,
ते गप्प बसल्याखेरीज बाकीच्यांचं ऐकू येत नाही.
(मला आमची ग्रामसभा आठवली. बोलले नाही.)

पहिल्या दिवशी बाटली होती,
प्रशिलानं मिलिग्रॅममध्ये तोलून भरलेली:
क्रिएटिन, कोलीन, लॅक्टेट.
तिला फँटम म्हणतात. म्हणजे भूत, कायतान म्हणाला.
भुताला यंत्रात निजवलं, दोन्ही बाजूंनी स्पंज लावले.
भुतानं सगळी उत्तरं बरोबर दिली.
भुताला भूक नसते, शेजारी नसतात.

आज माणूस.
फ्लोरियान, आगशीचा, स्टोअरमधला,
कुणी हो म्हणेना म्हणून हो म्हणालेला.
फॉर्म मीच भरला:
पेसमेकर? नाही. अंगात धातू? नाही.
बंद जागेची भीती? "बायलेक विचार."
त्याच्या मेंदूत दोन सेंटिमीटरचा चौकोनी डबा आखला
आणि सात मिनिटं आम्ही सगळे
एका डब्यापुरते गप्प.

मग हिशेब.
सॉफ्टवेअरकडे एकोणीस रेणूंचे नमुने,
ते एकावर एक रचायचे, कमी-जास्त करायचे.
काळी रेघ माणसाची, तांबडी रेघ आपली,
आणि वर तिसरी: वजा जाता उरलेली.
ती सपाट यायला हवी.

आली नाही.
एक पॉइंट दोनजवळ फुगवटा.
"कवटीची चरबी," वर्तक सर म्हणाले. डबा सरकवला.
पुन्हा सात मिनिटं. फुगवटा तिथेच,
आता नीट पाहिलं तर त्याला तीन टोकं.
माइकवर मी विचारलं, हललास का रे?
"ना."
मग यंत्राच्या पोटातून, जरा वेळानं:
"एकूच गिलास, बाये. हुर्राक. जेवणाआदीं."

हसून हसून कुणाची तरी खुर्ची कलंडली.
वर्तक सर मात्र हसले नाहीत.
पडद्याजवळ जाऊन त्यांनी बोट टेकवलं
त्या तीन टोकांवर, हळूच,
झोपलेल्या मुलाच्या कपाळावर टेकवावं तसं.
"वीस वर्षं शिकवतोय," म्हणाले,
"पुस्तकात पाहिलं होतं."

विसावा नमुना बनवायला संध्याकाळ झाली.
सरांनी फाइलला इथेनॉल नाव दिलं,
ते चहाला उठले तेव्हा कायताननं बदललं.
रेघ सपाट झाली. जवळजवळ.

फ्लोरियान स्कूटरला किक मारत होता.
मी म्हटलं, आता नको चालवू, थांब, पाव खा काहीतरी.
आणि तेव्हा लक्षात आलं,
धातू विचारला, भीती विचारली,
जेवलास का, हे विचारलंच नव्हतं.
त्याला नाही. एकोणीस वर्षांत
त्या फळीवर निजलेल्या कुणालाच नाही.
श्वास घे, धर, सोड.

सकाळी फॉर्मच्या तळाशी पेन्सिलीनं एक ओळ वाढवली.
झेरॉक्समध्ये ती पुसट आली.