अठ्ठावीस पुढे, बत्तीस मागे

सायकल माझी नव्हेच, अन्वयची.
पुण्याला जाताना पडवीत उलटी टांगून गेला,
हात लावू नकोस, असं न सांगता सांगून.
पण उपकेंद्राची स्कूटर चार महिने
राजापुरात दुरुस्तीला,
तिथेच संसार थाटला असावा तिने.
म्हणून हिला खाली काढली,
मागे लसींचा निळा डबा बांधला
आणि गावखडीहून सड्यावर निघाले.

तिसऱ्या दिवशी करंगळी मेली.
होती जागेवर,
पण सिरिंज धरताना दुसऱ्या कुणाची वाटावी अशी.
मानेत कळ. बसण्याबद्दल बोलतच नाही.
आणि जांभ्याच्या खडीवर
डबा हुडहुडी भरल्यासारखा वाजायचा.

मजीद नाखव्याचं दुकान पुलाच्या अलीकडे,
पूर्वी तिथे वल्ही ठेवत.
सायकलकडे त्याने पाहिलंच नाही आधी.
"ताई, बसा. नुसत्या बसा. मी धरतो."
मी बसले, म्हणजे वाकले.
"ही भांडायला निघालीय," तो म्हणाला,
"आणि तुम्ही तर इंजेक्शनं द्यायला."
"तेच की," मी म्हटलं.
तो हसला नाही. पाचाची चावी शोधत होता.

वरच्या तीन काळ्या चकत्या खाली गेल्या,
हँडल तेवढंच वर आलं, दीड बोट.
मग हँडलची मान उलटी केली,
खाली बघत होती ती वर बघू लागली.
ब्रेकच्या मुठी कलल्या:
"दार ढकलताना मनगट असतं ना, तसं."
पुढचं चाक गुडघ्यांत धरून, एक डोळा मिटून
त्याने सगळं सरळ केलं.
बाप सुकाणू असंच बघायचा.
होडी विकली,
डोळा मिटायची सवय घरात राहिली.

सीटच्या नळीवर खिळ्याने ओढलेली रेघ होती,
शेजारी बारीकसा 'अ'.
माझ्या पायांसाठी सीट उतरवली
तशी रेघ आत बुडू लागली.
"पुसू?" मजीद थांबला.
नको म्हटलं. राहू दे आत.

हवेवरून मात्र आमचं वाजलं.
टणक चाक ते चांगलं चाक,
इतकं मला लहानपणापासून ठाऊक;
पन्नास पौंड मीच भरून आणली होती, ऐटीत.
तो सोडत राहिला, सोडत राहिला,
माझे पैसेच जात होते जणू फुस्स करून.
"पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस.
मागे तुम्ही आणि डबा.
याच्या खाली गेलात तर कातळ चावेल ट्यूबला,
साप चावल्यागत, दोन भोकं."
आणि मीटर नसेल तेव्हा?
"अंगठा."

मी अंगठा ठेवला.
अगं बाई, हे तर मला येतं.
वीस वर्षं तान्ह्यांची टाळू अशीच बघतेय:
फुगलेली नको, खोल गेलेली नको,
बोटाखाली थोडं ऐकून घेणारी हवी.

परतताना सड्यावर पिवळं गवत,
वारा समुद्राकडून, आडवा.
चाक आता दगडाशी वाद घालत नव्हतं,
त्याला पोटात घेऊन पुढे जात होतं.
डबा गप्प.
कशेळीच्या वाटेवर करंगळीला मुंग्या आल्या,
घरी आले तेव्हा ती माझी होती.

चढाला मात्र पुढचं चाक हलकं होतं, भरकटतं.
मजीदला सांगितलं.
"पुढे सरकून बसा," म्हणाला,
"सगळंच कसं मिळेल?"

रविवारी अन्वयला फोटो पाठवला.
लगेच फोन: "आई, हँडल किती वर घेतलंस गं!"
"दीड बोट. वर मान उलटी."
थोडा वेळ नुसता पुण्याचा रस्ता ऐकू येत होता.
"शिमग्याला आलो की माझं मी परत लावीन."
"लाव की," म्हटलं.

पाचाची चावी मजीदकडून उसनी आणलीय.
कुठे ठेवलीय ते सांगितलं नाही.