खाच

कॅनडा कॉर्नरजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर
दोन खोल्यांची माझी लॅब.
इथे माणसं येत नाहीत, त्यांची तोंडं येतात
डब्यातून, ओल्या कापसात,
वर डॉक्टरांची चिठ्ठी: रणनवरे शांतवन, वय ७९,
उरलेले नऊ काढणार, कवळी पूर्ण, घाई आहे.

साचा ओतला. वाळल्यावर खिडकीशी धरला
तर डावीकडे, सुळ्याच्या मागे,
वरचे-खालचे दात मिळूनही मिटत नव्हते.
बोरूच्या जाडीचं एक भोक,
कडा गुळगुळीत,
गोदाघाटावरच्या पायरीसारख्या
झिजून झिजून बसक्या झालेल्या.

मी ती जागा भरली.
शिकवलंय तसंच.
अठ्ठावीस दात, सारखे, शहाणे,
डबा परत पाठवला.

पंधरा दिवसांनी जिना चढून दोघं आली.
त्यांनी खिशातून पाईप काढला,
दांडीचं टोक चावून चावून पांढुरकं पडलेलं,
आणि माझ्या दातांत ठेवून दाखवला.
टक् झालं.
घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला.
तिसऱ्यांदा हातानं सावरत म्हणाले,
"हातात धरूनच ओढायचं असतं
तर बिडी काय वाईट होती?"

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं.
दोन्ही हात यंत्रात, कोपरापर्यंत शाई.
तंबाखू आणि काडेपेटी फाटकावर जमा,
पाईप तेवढा आत जायचा, रिकामा.
"विचार करायला लागतो," म्हणाले.
पेटायचा तो संध्याकाळी, शरणपूरला, घरामागे,
पेरूखाली.

"आणि आता?"
"आता बंदच. गेल्या नाताळापासून.
छातीचे फोटो बघून डॉक्टर ओरडला."

मग भोक कशाला, असं मी विचारणार
तोच बाई पुढे सरकल्या.
"अहो, तुमच्या दातांनी माझं नाव बिघडलंय.
पाईप तोंडात ठेवूनच हाक मारायचे हे,
काढला नाही कधी.
आता मारतात ती हाक
कुणा पाहुण्यानं मारल्यासारखी वाटते.
मी ओ देत नाही."

"नाव काय तुमचं?"
"सिंधू."

मी दात मिटून म्हणून पाहिलं.
खरंच, जबडा हलत नाही.
माझ्या नावाला, आराधना म्हणायला,
कितीदा तोंड उघडावं लागतं.

जुना साचा फळीवर होता.
का ठेवला होता, माहीत नाही,
बाकीचे मी फोडते.
कॅलिपर लावला, खोली उतरवून घेतली,
आणि बारीक बर लावून
माझंच चांगलं काम बिघडवायला बसले.
पांढरी भुकटी ॲप्रनवर, चष्म्यावर,
जळक्या ॲक्रिलिकचा तो वास.
थोडं घासायचं, धुवायचं, बसवायचं.
"अजून जरा," ते म्हणायचे,
"वरचा थोडा मागे."
चाळीस वर्षांचं काम
चाळीस मिनिटांत होत नसतं,
पण जवळपास आलं.

बसला.
थोडा आडवा, थोडा खाली झुकलेला,
कुणी न धरता.

आणि हात मोकळे झाले.
क्षणभर मांडीवर नुसतेच पडून राहिले, मग
एकानं माझी मेणाची सुरी उचलली,
दुसऱ्याच्या अंगठ्यानं तिची कड तपासली.
"धार गेलीय हिची," दातांतूनच ते म्हणाले,
"पाठवा घरी, लावून देतो."
आणि मान न वळवता:
"सिंधू."

"काय आहे?" बाई खेकसल्या,
जिन्याकडे निघालेल्या,
स्वयंपाकघरातून खेकसावं तशा.

ते गेल्यावर वही उघडली.
काम या रकान्यात दुरुस्ती लिहिलं, खोडलं.
पैसे घेतलेच नव्हते, मग रकाना भरायची गरज नव्हती.
खाली सिग्नलला रिक्षा थांबलेली,
त्यातून एक दांडी बाहेर आलेली, न पेटलेली,
आणि बाई काहीतरी सांगत होत्या, पुष्कळ वेळ,
हात हलवून हलवून.